पहिल्या टप्प्यातले पाहुणे

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी रायपूरशेजारच्या अभनपूरजवळ मुरमाच्या पट्टीवरून घरी बांधलेलं एक दोन आसनी विमान बंगळुरूच्या मोठ्या विमान-मेळ्याला निघणार होतं. ते निघालं नाही. इंजिन ठीक होतं, हवा स्वच्छ होती आणि परवानगीचे कागद चालकाच्या खिशात होते. पट्टीवर, विमानाच्या पुढ्यात, माणसं पंगत धरून जेवत होती.

विमान बांधणारे आणि चालवणारे गृहस्थ माझे घरमालक. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी बरीच वर्षं भाड्याने राहिले. मी त्यांना काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. मी एका हिंदी दैनिकात बातमीदार होते, म्हणून काकांनी माझं नाव पहिल्याच दिवशी बदलून टाकलं. जिन्याखालून हाक यायची, "ओ प्रेस! चहा झाला."

काका सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होते. तिथून निवृत्त झाले, पण तो विभाग त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. घराबाहेर पडण्याआधी ते उंबऱ्यात उभे राहून यादी म्हणत आणि काकूंनी प्रत्येक शब्दाला उत्तर द्यायचं, असा नियम होता.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"किल्ली?"

"तुमच्या हातात आहे ना बापा."

"असं नाही म्हणायचं. 'किल्ली, आहे' म्हणायचं."

"किल्ली, आहे. नवरा, येडा आहे."

"दुसरं लिस्टमध्ये नाही," असं म्हणून काका स्कूटरकडे जात. तिथे स्कूटरची वेगळी यादी होती.

भंडाऱ्याहून माझी आई खोली पाहायला आली, तेव्हा काकांनी तिला खोली दाखवली नाही. आधी बाहेर पडायचे रस्ते दाखवले. आग लागली तर हा जिना, जिन्यात धूर असला तर मागची गच्ची, गच्चीवरून शेजाऱ्यांच्या छतावर उतरायला ही लोखंडी शिडी. आईला शिडीवरून एकदा उतरून दाखवायला सांगितलं. आई लुगडं सावरत दोन पायऱ्या उतरली आणि परत चढली. खोली तिने नंतर पाहिली. निघताना मला म्हणाली, "माणूस येडा आहे. पण तू राह्य इथंच." मी राहिले.

खालच्या बैठकीच्या खोलीत सोफा नव्हता. तिथे पंखांचे सांगाडे होते. लाकडी पट्ट्यांच्या फासळ्या एकामागून एक भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत. कोणी पाहुणा आला की काकू त्याला स्वयंपाकघरात बसवत. पाहुण्याला काही वावगं वाटत नसे. गल्लीतल्या लोकांना ते विमान आहे हे माहीत होतं आणि ते कधी उडणार हे विचारणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. पंख तयार झाले की ते टेम्पोने अभनपूरला जात. तिथे काकांच्या एका मित्राची बंद पडलेली राईस मिल होती. मिलच्या गोदामात विमान जोडलं गेलं आणि मिलमागच्या पडीक भाट्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, मुरूम टाकून पट्टी केली गेली.

पंखांवर चढवायचं कापड एका खास जातीचं असतं. ते फासळ्यांना चिकटवून वरून गरम इस्त्री फिरवली की आकसतं आणि ढोलाच्या कातड्यासारखं ताणून बसतं. काकांच्या हातून पहिल्या पंखाचं कापड एका कोपऱ्यात जास्त आकसलं आणि फासळी वाकडी झाली. त्यांनी ते सगळं काढून टाकलं. दुसऱ्या वेळी काकूंनी त्यांच्या हातातून इस्त्री घेतली. "सरका. साऱ्या जन्मात एक रुमाल तरी केला का इस्त्री?" दोन्ही पंखांना इस्त्री काकूंनी केली. त्या कामाच्या दिवसांत गल्लीतल्या बायका येऊन दारात उभ्या राहत आणि "दीदी, मेरी भी साड़ी ले आऊँ क्या?" असं विचारत. काकू म्हणत, "ले आओ. पंख लगा के दूँगी."

काकांचा एक प्रश्न होता. तो ते सर्वांना विचारत. भाजी महाग झाली म्हणणाऱ्याला, अमक्याची बदली झाली म्हणणाऱ्याला, आणि सर्वांत जास्त मला. "पाह्यलं का आयकलं?" उत्तर "ऐकलं" असेल तर ते पुढे ऐकून घेत, पण मान हलवत नसत.

एका पावसाळ्यात जुन्या वस्तीतलं एक घर पडलं आणि आत माणसं दबली, असा फोन मला आला. मी जिन्यावर उभी राहून मोबाइलवर बातमी टाइप करत होते. इतरांच्या बातम्या वेबसाइटवर चढल्याही होत्या. काका खालून म्हणाले, "पाह्यलं का आयकलं?" मी म्हटलं, "काका, वेळ नाही आहे." ते म्हणाले, "हाकेच्या अंतरावर आहे. मी संगं येतो." आम्ही चालत गेलो. घर पडलं होतं. ते बऱ्याच महिन्यांपासून रिकामं होतं. ढिगाऱ्यावर एक मांजर बसलं होतं. शेजारचा माणूस म्हणाला, कुणीच नव्हतं आत. मी ती बातमी सगळ्यांच्या मागून दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या संपादकांनी मला बोलावून घेतलं आणि तेव्हापासून माझ्या मजकुरावर फारसे प्रश्न आले नाहीत. बातमीदारीच्या शाळेत मला पुष्कळ शिकवलं गेलं. उपयोगी पडलं ते मुख्यतः या घरातलं. त्याबद्दल मी काकांचे आभार एकदा मानले होते. ते म्हणाले, "ठीक आहे. पन मांजर कोनाचं होतं, ते लिवलं नाहीस."

मेळ्याचं वेड त्यांना कारखान्यात असतानाच लागलं. एकदा रजा काढून ते बंगळुरूला प्रेक्षक म्हणून गेले. लढाऊ विमानांकडे त्यांनी पाहिलं नाही. मैदानाच्या एका कडेला घरी बांधलेल्या छोट्या विमानांची रांग होती आणि ती बांधणारी माणसं एकमेकांच्या विमानाखाली पाठीवर निजून आत टॉर्च मारत होती. एकमेकांना चुका दाखवत होती. काका दिवसभर तिथेच उभे राहिले.

"रायपूरमध्ये सारे 'वा वा' करतात," ते मला म्हणाले होते. "'वा'नं काय होते? मले चूक दाखवनारा पायजे. इथं कोन आहे?"

"मी दाखवते ना," काकू आतून म्हणाल्या.

"माही नाही. विमानाची."

विमान पहिल्यांदा जमीन सोडून वर गेलं, तेव्हा मी तिथे होते. काकांनी पट्टीवर एक फेरी मारली आणि उतरले. मी वही काढली. ते म्हणाले, "अभी नहीं. फेरी मारनं म्हंजे उडनं नाही. कुठं तरी गेलं पायजे." त्यानंतर चाचणीची उड्डाणं बरीच झाली. दिल्लीच्या विमानखात्याच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार त्याहून जास्त झाला. मेळ्याच्या आयोजकांनी घरगुती विमानांच्या रांगेत त्यांना एक जागा दिली. अट एकच होती. विमान उडत यायला हवं, आणि बुधवारी सूर्यास्ताआधी यायला हवं. त्यानंतर रांग बंद.

त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं की वैमानिकांची पुढची वैद्यकीय तपासणी ते पास होणार नाहीत. चालू प्रमाणपत्राची मुदत त्या हिवाळ्याबरोबर संपत होती. म्हणजे जायचं तर याच मेळ्याला. काकूंना हे त्यांनी सांगितलं नव्हतं. काकूंना ते डॉक्टरांच्या बायकोकडून कळलं होतं.

रायपूर ते बंगळुरू हे अंतर एका उड्डाणात त्या विमानाला झेपणारं नव्हतं. टप्पे होते. पहिला टप्पा अभनपूरहून पश्चिमेला राजनांदगावच्या बाजूने गोंदियापर्यंत. काकांचा नियम असा होता की आकाशात कोणत्याही क्षणी इंजिन बंद पडलं तर खाली पोचता येईल असं एक तरी वावर असलं पाहिजे. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, उपयोगाची नसतात, दर थोड्या अंतरावर मेड, म्हणजे बांध, आडवी येते. म्हणून ते लांब, मोकळी, भाट्याची जमीन शोधत. नकाशावर रेघ मारून त्या रेघेखालून ते हिवाळाभर मोटारसायकलने फिरले. मागे काकू. काकूंच्या मांडीवर डबा.

जमिनी सापडल्या. अडचण जनावरांची होती. धान कापून झालं की या भागात गुरं मोकळी सोडतात. ती कुठेही चरतात आणि कुठेही बसतात. काकांनी छापील सूचना वाटल्या: अमुक दिवशी सकाळी वावर मोकळं ठेवावं, एक माणूस वावरात उभा असावा, त्याने फोनवर कळवावं. लोक "हव" म्हणाले. हव म्हणजे हो. काकांनी आधी एक दिवस तालीम घेतली. पहिल्या वावरात म्हशी होत्या. दुसऱ्यात क्रिकेट चाललं होतं. तिसऱ्या गावात सूचनेच्या कागदात फुटाणे बांधून मिळाले.

मग राईस मिलवाल्या मित्राच्या घरी लग्न निघालं. दूरदूरच्या खेड्यांतून माणसं आली, म्हातारी, आजारी, भांडलेली, सगळी. काकांनी मित्राला विचारलं, एवढे लोक कसे आले. मित्र म्हणाला, "पीला चावल दिया था न." हळदीत पिवळे केलेले तांदूळ हातावर ठेवून दिलेलं आमंत्रण या बाजूला कोणी टाळत नाही. काका घरी आले आणि काकूंना म्हणाले, "तांदूळ पिवळे करून ठेव. एक डबाभर."

"कोनाचं लगीन आहे?"

"कोनाचं नाही. नोटीस विसरतात. तांदूळ नाही विसरत."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "अहो, तांदूळ दिले म्हंजे नेवता होते. लोक येतील."

"मी समजावून सांगून राहिलो ना. तांदूळ फक्त ध्यानात राहाची वस्तू आहे."

"तुम्ही सांगा बापा. तांदूळ काय आयकते तुमचं?"

एका रविवारी मीही माझी स्कूटर घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. राजनांदगावच्या अलीकडच्या एका गावात एक वयस्कर शेतकरी खाटेवर बसला होता. काकांनी त्याच्या तळहातावर तांदूळ ठेवले आणि शांतपणे, कारखान्यातल्या नव्या मजुराला समजावतात तसं समजावलं. आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी मी वरून जाईन. उतरणार नाही. मजबुरी आली तरच उतरेन. वावर मोकळं पाहिजे. एक माणूस पाहिजे. "क्या करना है, बताइए." म्हाताऱ्याने सगळं न चुकता परत सांगितलं. काका खूश झाले. म्हाताऱ्याने तांदूळ कपाळाला लावले, पंच्याच्या टोकात बांधले आणि विचारलं, "घर कते मेर हे तुंहर?" घर कुठे आहे तुमचं. काकांनी विमान ठेवलेल्या राईस मिलचा पत्ता सांगितला. मी ते ऐकलं आणि मला त्यात विशेष काही वाटलं नाही. काकूंना वाटलं असावं. परतीच्या वाटेवर अभनपूरच्या बाजारात थांबून त्यांनी तूरडाळीचं एक पोतं घेतलं आणि मिलवर ठेवलं.

उड्डाणाची अंतिम परवानगी शुक्रवारी हातात आली. सोमवारी निघायचं, बुधवारी पोचायचं. मध्ये एकही मोकळा दिवस नव्हता. उन्हं चढली की छोटं विमान हवेत फार आदळतं, म्हणून रोज सकाळी लवकर निघायचं आणि दुपारच्या आत उतरायचं, असं ठरलं होतं.

सोमवारी उजाडताना मी मिलवर पोचले. काका विमानाभोवती यादी म्हणत फिरत होते. काकू उत्तरं देत होत्या. "इंधन?" "भरलेलं." "पाना?" "पेटीत." तेवढ्यात रस्त्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत माणसं उभी होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. त्यामागे दुसरा ट्रॅक्टर होता. मग एक पिकअप आली, तिच्या छतावर भोपळे बांधलेले होते. मग मोटारसायकली.

खाटेवरचा म्हातारा पहिल्या ट्रॉलीतून उतरला. डोक्याला पागोटं होतं. त्याने काकांना राम राम केला आणि नातवाच्या हातातली तांदळाची पिशवी पुढे केली.

काका म्हणाले, "आप यहाँ? खेत में कौन है?"

"नेवता दे रहेव, त आए हन," म्हातारा म्हणाला. आमंत्रण दिलंत, म्हणून आलो.

"पर मैंने बोला था ना, खेत में रहना है!"

"हव. बोले रहेव." म्हातारा समजुतीच्या स्वरात म्हणाला, "फेर चाउर घलो तो देहव." पण तांदूळही दिलेत ना.

काकांनी यादीतला दुसरा माणूस शोधला, तोही आलेला होता. तिसराही. एका गावचा राऊत, म्हणजे गावची गुरं राखणारा माणूस, काठी घेऊन विमानाच्या शेपटीजवळ उभा होता. काकांनी त्याला विचारलं, "तू इधर है तो गाय-भैंस किसके पास हैं?" राऊताने जरा विचार केला आणि म्हणाला, "अपने-अपन किंजरत होही." आपली आपण हिंडत असतील.

काकांनी फोन काढून वावरांच्या जवळपासचे नंबर लावले. ज्यांचे नंबर होते, त्यांचे फोन तिथेच, त्यांच्या आजूबाजूला, वाजू लागले. माणसं खिशातून फोन काढून "हलो" म्हणत आणि काकांकडे पाहत.

मी हे सगळं लिहून घेत होते. एका बाजूला एक नियम होता आणि तो काकांचाच होता: खाली मोकळं वावर असल्याची खात्री नसेल तर निघायचं नाही. दुसऱ्या बाजूला मेळा होता. हवा इतकी स्वच्छ होती की तांदळाच्या गिरण्यांच्या चिमण्या दूरवर दिसत होत्या. इंजिन त्यांनी स्वतः बांधून तपासलं होतं. ते बंद पडायची शक्यता फार कमी होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. काका विमानात चढून बसले. किल्ली लावली. ती फिरवली नाही. पट्टीच्या कडेला बायकांनी विड्याच्या पानांचं तबक मांडलं होतं आणि एक जण पंखाला हळद-कुंकू लावायला पुढे आली होती.

काकू विमानाजवळ गेल्या. "काय करता?"

"खाली कोन आहे, पाह्यलं नाही. नुसतं आयकलं. अन् निघालो नाही तर जागा गेली."

"मले ठाऊक आहे."

"सारं नाही ठाऊक तुले."

"डोळ्याचं बी ठाऊक आहे." काकूंनी पंखावर हात ठेवला. "तुमचा नेम तुम्ही पाहा. मी येवढंच सांगते, तांदूळ तुम्ही वाटले. पाहुने उपाशी ठेवून घरधनी निघून गेला, असं आपल्यात झालं नाही कधी."

काकांनी किल्ली काढली. ती काकूंच्या हातात दिली. काकू म्हणाल्या, "किल्ली, आहे." आणि मिलच्या दिशेने ओरडल्या, "डाळ चढवा रे!"

पुढचे काही तास काकांनी सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं. चूल इंधनाच्या डब्यांपासून लांब, ठिणग्या तिकडे उडणार नाहीत अशा बाजूला हलवायला लावली. चुलीशेजारी आग विझवायचं लाल नळकांडं ठेवलं आणि तिथे राऊताला उभं केलं. विमानाला हात कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे त्यांनी खडूने पंखावर रेघा मारून दाखवलं. त्यानंतर लोकांनी एका रांगेत येऊन खडूच्या रेघेच्या आत हात लावला. कोणी कापड टिचकीने वाजवून पाहिलं. एका बाईने विचारलं, इतकं ताणून कसं बसवलं. काकू म्हणाल्या, "इस्त्री से." त्या बाईने मागे वळून बाकीच्या बायकांना सांगितलं आणि त्या सगळ्या जणी काकूंकडे पाहू लागल्या.

घरून आणलेल्या तांदळाचा भात झाला. डाळ काकूंच्या पोत्यातली. भोपळ्याची भाजी. पट्टीवर, जिथून विमान धावणार होतं तिथे, पंगती बसल्या. काकांनी वाढलं. एका पंगतीत म्हाताऱ्याने काकांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि विचारलं, ते बंगळुरूला कशासाठी निघाले आहेत. काका म्हणाले, विमान दाखवायला. म्हातारा म्हणाला, "देखाए बर अतेक दूरिहा काबर जाथव? हमन तो इहें देख डारेन." दाखवायला एवढ्या लांब कशाला जाता, आम्ही तर इथेच पाहिलं.

काका उठले. त्यांनी म्हाताऱ्याच्या पानात भात वाढला.

जेवणं आटोपेपर्यंत ऊन चढलं होतं. काकांनी आयोजकांना फोन केला. बोलणं नम्रपणे झालं, दोन्ही बाजूंनी. मार्गाची परवानगी एक दिवस पुढे ढकलता येत होती. रांगेतली जागा ढकलता येत नव्हती. संध्याकाळी ट्रॅक्टर परत जाताना काका प्रत्येक ट्रॉलीपाशी गेले, उद्या सकाळी निघणार म्हणाले आणि हात जोडले. मी त्यांना इतक्या लोकांसमोर हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आम्ही परत निघालो तेव्हा मी विचारलं, आज काय लिहू. ते म्हणाले, "निघालं नाही, असं लिव. काहून नाही निघालं, तेही लिव. चूक माही आहे." मग म्हणाले, "अन् हे लिव, की सारे आले होते."

माझ्या दैनिकाने ती बातमी आतल्या पानावर छापली. शेवटचं वाक्य जागेअभावी गेलं.

मंगळवारी सकाळी प्रत्येक वावरातून फोन आला. माणूस उभा होता. गुरं नव्हती. राऊताने फोनवर आपल्या गावचं सगळं वावर पायी फिरून पाहिल्याचं सांगितलं. काकांनी त्याला विचारलेला प्रश्न मी लिहीत नाही. विमान उजाडल्यावर थोड्या वेळाने उडालं आणि रांगेत जागा नसलेल्या मेळ्याच्या दिशेने गेलं. ऊन तापायच्या आत ते गोंदियाला उतरलं. काकू त्याच दिवशीच्या रेल्वेने बंगळुरूला निघाल्या.

गुरुवारी दुपारच्या आत विमान बंगळुरूच्या बाहेरच्या एका लहान खासगी पट्टीवर उतरलं. शुक्रवारी काका आणि काकू शहर बसने मेळ्याला गेले. तिकीट काढून आत गेले. पुढचं मला काकूंनी सांगितलं. त्या तिथे होत्या.

घरगुती विमानांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. गवतावर चुन्याची चौकट होती. शेजारच्या विमानाखाली एक जण पाठीवर निजून काम करत होता. त्याने काकांना चौकटीपाशी उभं राहिलेलं पाहिलं आणि विचारलं, "ये वाला कहाँ रह गया?"

काका म्हणाले, "आ गया है. बाहर खड़ा है."

तो माणूस विमानाखालून बाहेर आला. त्याने काकांना बरंच काही विचारलं आणि मग रांगेतल्या इतरांना हाका मारल्या. मेळा बंद झाल्यावर संध्याकाळी ते सगळे दोन गाड्यांत बसून त्या लहान पट्टीवर आले. विमानाखाली निजले. आत टॉर्च मारले. पंखांच्या कापडात त्यांना काही सापडलं नाही. शेपटीच्या तारेजवळ एक बोल्ट उलटा बसवलेला सापडला, डोकं खाली आणि नट वर. नट सैल होऊन पडला तर असा बोल्ट गळून जातो. डोकं वर असेल तर तो जागेवर राहतो. त्यांनी काकांना तो दाखवला.

काकांनी पाना मागितला. काकूंनी पेटीतून काढून दिला. अंधार पडायच्या आत बोल्ट काढून सुलटा बसवला गेला.